उभं करू नका त्याला

जगाच्या या दक्षिण टोकाला हिवाळा संपतो तो ऑक्टोबरात, आणि तेव्हा ऊन पडलं की मान्यीओ या खाडीकाठच्या गावातली माणसं खुळी होतात. सहा महिने पावसात कुजलेली माणसं ती. ऊन दिसलं रे दिसलं की लोकरीचे जाड स्वेटर कुंपणावर जातात, दारं सताड उघडी पडतात, आणि जो तो म्हणत सुटतो, आला बाबा वसंत! नोल्फाला मात्र नेमका तोच दिवस नको व्हायचा. ऊन अंगाला लागतं, पाण्याला लागत नाही. डोंगरावरचं बर्फ वितळून खाडीत उतरतं ते याच दिवसांत. तिचा नवरा आर्तेमियो गेला, तोही अशाच एका लख्ख सकाळी, तीन वर्षांपूर्वी.

त्या मंगळवारी सकाळी ती किनाऱ्यावर वाळत घातलेलं समुद्रशेवाळ उलटत होती. तेवढ्यात तिचा धाकटा दीर लिंडोर वल्हं खांद्यावर टाकून, शीळ घालत खाली आला. अंगात अर्ध्या बाह्यांचा सदरा, पायात गुडघ्यापर्यंत रबरी बूट.

"वहिनी, दिवस बघ कसा पडलाय!"

"बघितला. जाकीट कुठंय?"

"कुठलं जाकीट?"

"येड्याचं सोंग नको घेऊस. ते नारिंगी. तरंगायचं."

"ती पाहुण्यांची आहेत," लिंडोर म्हणाला. त्यानं त्या हिवाळ्यात दोन जुन्या कायाक, एकट्यानं वल्हवायच्या चिंचोळ्या होड्या, घेतल्या होत्या. नाताळानंतर फिरायला येणाऱ्या लोकांना खाडीत हिंडवायचं, असा बेत होता. त्यांच्यासाठी चार कोरी जाकिटं आणली होती, ती अजून प्लास्टिकच्या पिशव्यांत, आईच्या स्वयंपाकघरात खुंटीला टांगलेली होती. "मी वापरली तर घामाचा वास लागेल. सांतियागोची शहरी माणसं नाकं मुरडतील."

"आणि तू बुडालास तर?"

"तर तू मुरड. तू तशीही रोजच मुरडतेस."

वरच्या खिडकीतून सासूबाईंचा आवाज आला. बाल्दोविना चौऱ्याहत्तर वर्षांची होती, पण कान शाबूत होते. "जाऊ दे गं त्याला! त्या नर्सबाईनं तुला पार भित्री करून ठेवलंय. आमच्या घरातली माणसं जाकिटं घालून जन्माला आली नव्हती."

"आणि पोहायला येत होतं का कुणाला?" नोल्फा वर बघून ओरडली.

"पोहून काय करायचंय? नाव असते की!"

लिंडोर खो खो हसला. कायाक पाण्यात ढकलली, आत बसला आणि वल्हं मारत निघालासुद्धा. नोल्फा शेवाळ उलटायला वाकली, पण हात कामावर होते आणि डोळे पाण्यावर. नर्सबाईचं नाव निघालं की तिला असंच व्हायचं.

ती नर्स जूनमध्ये आली होती. दवाखान्याची बोट वादळामुळे तीन दिवस मान्यीओला अडकली. बसून करायचं काय, म्हणून नर्सनं शाळेच्या खोलीत लोकांना गोळा केलं आणि थंड पाण्यात पडलेल्या माणसाचं काय करायचं ते शिकवलं. सहा जण शिकायला गेले. त्यातले चार शाळेत शेगडी पेटलेली असते म्हणून गेले. पहिल्या दिवशी नर्स म्हणाली, पडल्या पडल्या एक मिनिट श्वास वेडावाकडा होतो, तेव्हा पोहू नका, काही करू नका, फक्त धरून राहा. मग दहाएक मिनिटं हात चालतात. त्यानंतर हात आपले राहत नाहीत. यावर लोकांनी माना डोलावल्या. हात आखडतात हे कुणाला ठाऊक नव्हतं?

दुसऱ्या दिवशी मात्र ती भलतंच बोलली. पाण्यातून काढलेल्या माणसाला उभं करू नका, म्हणाली. चालवू नका. हातपाय चोळू नका. दारू पाजू नका, शेगडीला चिकटवून बसवू नका. हातापायांतलं गार रक्त एकदम काळजाकडे धावतं आणि काळीज बंद पडतं. वाचला वाचला म्हणेपर्यंत माणूस जातो.

खोलीत हशा पिकला. शेजारचा एलादियो म्हातारा म्हणाला, "मग करायचं काय बाई? त्याला गाणं म्हणून दाखवायचं?" कारण मान्यीओत आजोबा-पणजोबांपासून हेच चालत आलं होतं. पाण्यातून आलेला माणूस स्वतःच्या पायांनी घरात यायला हवा. दोघांनी काखेत धरायचं, पण चालवायचंच. आडवं आणतात ते प्रेत. जिवंत माणसाला आडवा करून उंबरा ओलांडला तर पाणी त्याला परत मागतं, असं म्हातारे सांगायचे. मग शेगडीजवळ बसवायचं, दारूनं अंग चोळायचं, दोन पेले पोटात घालायचे. यात हसण्यासारखं काही आहे असं कुणाला वाटलं नव्हतं. हसायला आलं ते नर्सचं.

नोल्फा हसली नाही. उठून शाळेच्या मागे गेली आणि भडाभडा ओकली.

कारण आर्तेमियो तसाच आला होता. नाव उलटली, अर्धा तास उलट्या नावेला धरून राहिला, एलादियोनं ओढून आणला. किनाऱ्यावरून घरापर्यंत चालत आला, हसत आला, ओठ निळे आणि तोंडात शिव्या. नोल्फानं त्याला शेगडीपुढे बसवलं, पेला दिला, आणि पाय मांडीवर घेऊन चोळत बसली. जीव ओतून चोळले. अर्ध्या तासानं तो तिच्याकडे बघता बघता कलंडला. लोक म्हणाले, घटका भरली होती. केवढं भाग्य, बायकोच्या मांडीवर गेला. दर वर्षी त्याच्या वर्षदिनाच्या प्रार्थनेला बाल्दोविना येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायची, "माझ्या सुनेनं काही कमी केलं नाही हो. तळहात सोलून निघेपर्यंत चोळत होती बिचारी."

पूर्वी हे ऐकून नोल्फाला बरं वाटायचं. जूननंतर ते ऐकलं की तिला स्वतःचे हात कुठे लपवू असं होऊन जायचं. पण बोलली नाही. कुणाला सांगायचं आणि काय म्हणून? आई, तुमच्या मुलाला पाण्यानं नाही मारलं, मी मारलं? चार महिने ती ते गिळून बसली होती.

दहाच्या सुमारास वारा फिरला. डोंगरावरून खाली उतरणारा वारा तो, पुएल्चे म्हणतात त्याला. आधी काही कळत नाही. मग एकाएकी खाडीच्या मध्यावर पाणी काळं पडतं आणि धावत सुटतं. नोल्फानं मान वर केली तेव्हा ती काळी रेघ लिंडोरच्या पाठीमागे होती.

"लिंडोर!" ती किंचाळली. तो एवढ्या लांबून काय ऐकणार, कपाळ! वल्हं एकदा हवेत गेलेलं दिसलं. पुन्हा बघितलं तर कायाकचा तळ वर होता.

मग तळाशेजारी एक काळा ठिपका वर आला, आणि तिच्या डोक्यात नर्सचा आवाज सुरू झाला. एक मिनिट. फक्त धरून राहा. पोहू नकोस रे बाबा, पोहायला येत नाही तुला आणि येत असतं तरी पोहू नकोस.

एलादियो दगडांवर बसून जाळं शिवत होता. तिनं त्याला दंडाला धरून उठवलंच. "काका, नाव! लिंडोर पाण्यात आहे!"

"इंजिन खोललंय गं पोरी..."

"मरू दे ते इंजिन! वल्ही आहेत ना?"

दोघांनी नाव ढकलली. एलादियो वल्ह्यांवर बसला, नोल्फा पुढे. साठीचा माणूस, पण हात ओंडक्यांवर घडलेले होते. तरीही नाव जागची हलत नाहीय असंच तिला वाटत होतं. वारा तोंडावर होता. मागे बाल्दोविनाची हाक ऐकू आली, मग शेजारणींचा कल्ला, मग काहीच नाही.

"जवळ आला का गं?" एलादियोची पाठ तिकडे होती.

"नाही. मारा वल्ही."

"धरलंय का त्यानं?"

"तळावर छाती टाकलीय. मारा ना!"

तिनं मिनिटं मोजायला घेतली आणि मोजायची तिला भीती वाटायला लागली. सात. आठ. लिंडोरनं एक हात कायाकच्या दोरीत कोपरापर्यंत अडकवला होता, हे तिला जवळ गेल्यावर दिसलं. ते त्यानं हात चालत होते तेव्हाच केलं असणार, म्हणून तो अजून वर होता. बारा झाली. पंधरा झाली. एकदा लाट डोक्यावरून गेली आणि तो दिसेनासा झाला. नोल्फानं डोळे मिटून घेतले. मला बघवणार नाही, ती मनात म्हणाली, देवा मला दुसऱ्यांदा बघवणार नाही. डोळे उघडले तेव्हा डोकं पुन्हा वर होतं.

पोचायला पंचवीस मिनिटं लागली. लिंडोरचा चेहरा मेणाचा झाला होता. डोळे उघडे होते, पण तो त्यांच्याकडे बघत नव्हता.

"आलो रे, आलो," एलादियो म्हणाला आणि त्याच्या काखेत हात घालून वर खेचायला लागला.

"असं नको! आडवाच घ्या. नावेतलं जाळं टाका त्याच्याखालून."

"जाळं? मासा आहे का तो?"

"काका, पाया पडते तुमच्या, टाका!"

एलादियोनं जाळ्याची एक कड नावेला बांधली, दुसरी लिंडोरच्या अंगाखालून घेऊन वर ओढली, आणि तो जाळ्यात लोळत, आडवाच्या आडवा, कडेवरून आत आला. बुटांतून बादलीभर पाणी सांडलं. नोल्फानं त्याला तळाला निजवलं आणि स्वतःचा स्वेटर काढून त्याच्या छातीवर टाकला. तो पुटपुटत होता, शब्द कळत नव्हते.

एलादियोनं लगेच त्याचा हात धरून चोळायला घेतला.

"चोळू नका!"

"बर्फ झालाय पोरगा!"

"म्हणूनच! हात लावू नका त्याला, नाव वळवा."

म्हाताऱ्यानं तिच्याकडे असं बघितलं, जणू ही बाई आता हातातून गेली. मग तो लिंडोरकडे वाकून खुशीत म्हणाला, "बघ, बघ, थरथर थांबली. सावरला गडी!"

थरथर थांबली की समजा पुढची, वाईट पायरी, नर्स म्हणाली होती. अंगातला जाळ संपत आला. तिनं लिंडोरच्या तोंडाजवळ कान नेला. श्वास होता, फार सावकाश होता. एलादियोनं बसायच्या फळीखालून बाटली काढली आणि बूच दातांनी उपटलं. तिनं बाटली त्याच्या हातातून घेतली आणि पाण्यात ओतली.

"वेड लागलंय तुला," एलादियो म्हणाला. पण वल्ही मारायला बसला. आता वारा पाठीला होता.

किनाऱ्यावर अर्धं गाव जमलं होतं. बाल्दोविना सगळ्यांच्या पुढे, पाण्यात घोट्यापर्यंत, एका हातात घोंगडी आणि दुसऱ्या हातात बाटली. नाव रेतीला लागली तशी ती काठावर ओणवी झाली.

"बाळा! लिंडोर! जिवंत आहे ना गं?"

"जिवंत आहे."

"बाई गं!" म्हातारीनं छातीवर क्रूसाची खूण केली. "ऊठ रे राजा. ऊठ. शेगडी लाल केलीय मी. चार पावलं टाक, घर आलंच."

आणि लिंडोर आईचा आवाज ऐकून खरंच उठायला लागला. कोपरावर रेलला, तोंड वेडंवाकडं करून म्हणाला, "चा... चालतो मी." दोन बाप्ये त्याला काखेत धरायला पुढे झाले. कौतुकाचा एकच गलका उठला, वा रे पठ्ठ्या! नोल्फाला डोळ्यांपुढे आर्तेमियो दिसला, निळ्या ओठांनी हसणारा. तिनं वल्हं उचललं आणि नावेत उभी राहिली.

"कुणी हात लावायचा नाही. फळी आणा. नाहीतर दार काढून आणा एखादं. आडवाच न्यायचा त्याला."

मग बाल्दोविना हळू आवाजात म्हणाली, "काय म्हणालीस?"

"आडवा न्यायचा, आई."

"माझ्या घरात? आडवा? एकदा त्या दारातून आडवा बाहेर काढलाय मी. दुसऱ्याला आडवा आत आणू? तू माझ्या पोराचं वाईट चिंततेस का गं?"

"नाही हो, आई! उभा केला तर मरेल तो."

"कोण म्हणतं? ती शहरातली पोरगी? आर्तेमियोला असाच चालवत आणला होता आपण!"

"आणि आर्तेमियोचं काय झालं?" नोल्फा ओरडली.

लिंडोर मागे तळाला पुन्हा कलंडला होता, त्याचं डोकं तिच्या पायाला लागत होतं. आता बोललं नाही तर ही माणसं तिला बाजूला ढकलतील. प्रेमानं ढकलतील, प्रेमानंच त्याला चालवत नेतील, आणि अर्ध्या तासात सगळं संपेल. बोललं तर म्हातारी आपलं तोंड बघणार नाही. हे घर, ही शेगडी, हे गाव, सगळं जाईल. तिला इतकी भीती पाण्यावरही वाटली नव्हती.

"आर्तेमियोला मी मारला," ती म्हणाली.

"काय बरळतेस?"

"मी मारला. तो वाचला होता, आई. नावेतून उतरला तेव्हा वाचला होता. मी त्याला चालवला, शेगडीशी बसवला, दारू पाजली, पाय चोळले. तळहात सोलले ना माझे? तुम्ही सगळ्यांना सांगता ना? त्या चोळण्यानं गेला तो. मला तेव्हा माहीत नव्हतं. आता माहीत आहे. याला पण तसाच घालवायचा असेल तर आधी मला मारा आणि मग न्या."

बोलता बोलता ती रडायला लागली होती, पण वल्हं खाली ठेवलं नाही. बाल्दोविना सुनेकडे बघत राहिली, मग लिंडोरकडे. लिंडोरच्या नाकाजवळून एक माशी फिरत होती आणि तो हात हलवत नव्हता.

"एलादियो," म्हातारी शेवटी म्हणाली, "माझ्या कोठाराचं दार काढ."

"अहो पण, बाल्दोविनाबाई, आडवा..."

"काढ म्हटलं ना! पाण्याला काय मागायचंय ते माझ्याकडे मागू दे."

दार आलं. चौघांनी लिंडोरला त्यावर भरलेलं पातेलं न्यावं तसा अलगद सरकवला. "धक्का नको, धक्का नको," नोल्फा दर पावलाला म्हणत होती. उंबऱ्याशी आल्यावर उचलणारे थबकले. कुणालाच पहिलं पाऊल टाकायचं नव्हतं. तेव्हा बाल्दोविनानं स्वतः लिंडोरचं डोकं दोन्ही हातांत धरलं आणि पाठमोरी होऊन आधी आपण आत शिरली.

शेगडीपासून लांब, भिंतीशी त्याला ठेवलं. नोल्फानं लोकर कापायच्या कात्रीनं ओले कपडे कापून काढले, कोरड्या घोंगड्यांत गुंडाळलं, डोकं टोपीत घातलं. बाटल्यांत कोमट पाणी भरून, फडक्यात गुंडाळून काखेत आणि छातीशी ठेवल्या. एलादियो टेकडीवरच्या बिनतारी रेडिओकडे पळाला. परत आला तो धापा टाकत. दवाखान्याची बोट निघाली होती. दोन तास लागणार होते.

"नर्सबाई होती रेडिओवर," तो म्हणाला. "विचारलंन, उभा केला का? म्हटलं, नाही. चोळलात का? म्हटलं, मी जरा चोळला, पण ओरडा खाल्ला. म्हणाली, छान." मग त्याला आपली ओतलेली बाटली आठवली असावी, कारण तो दाराबाहेर जाऊन बसला.

शेजारपाजार पांगला. दोघी बायका लिंडोरच्या दोन बाजूंना जमिनीवर बसल्या. नोल्फा श्वास मोजत होती. मध्येच एकदा श्वास येईना. तिचे हात आपोआप त्याच्या पायाकडे गेले, चोळायला, हलवायला, काहीतरी करायला, आणि तिनं ते मागे घेऊन स्वतःच्या मांड्यांखाली दाबून धरले. नुसतं बसून राहायचं, यासारखी शिक्षा नाही. श्वास आला. पुन्हा पुढच्याची वाट. असा पाऊण तास गेला, आणि तिला कुणी विचारलं असतं तर तिनं तीन दिवस सांगितले असते.

मग घोंगडी हलली. लिंडोरची हनुवटी उडायला लागली, दात वाजायला लागले, सगळं अंग थाडथाड उडायला लागलं.

"गेला!" बाल्दोविना किंचाळली. "झटके आले गं त्याला!"

"नाही, नाही, आई, थरथर आहे. थरथर परत आली! चांगलं आहे हे, चांगलं आहे!" नोल्फा हसत होती आणि रडत होती. "थरथरू दे. हवं तेवढं थरथरू दे."

आणखी बऱ्याच वेळानं लिंडोरनं डोळे फिरवून कोपऱ्यातल्या चिंध्यांकडे बघितलं. "माझी... पँट कापलीत?"

"कापली," नोल्फा म्हणाली.

"नवी होती."

"गप्प पड. हलू नकोस."

तो गप्प पडला आणि थरथरत राहिला. म्हातारीनं त्याच्या कपाळावर हात ठेवला, तिथंच राहू दिला. नोल्फाला वाटलं, आता उठावं आणि आपलं सामान बांधावं. या घरात आपलं झालं.

"कधीपासून माहीत होतं तुला?" बाल्दोविनानं विचारलं. तिची नजर मुलावरच होती.

"जूनपासून."

"जून, जुलै, ऑगस्ट, सप्टेंबर." म्हातारीनं मोकळ्या हाताच्या बोटांवर मोजले. "रोज सकाळी इथं बसून माझ्या हातचा मातेच्या पानांचा चहा प्यायलीस. मी तुझे गोडवे गायले. तू तोंड उघडलं नाहीस."

"धीर झाला नाही, आई."

"आज मी बाटली घेऊन पाण्यात उभी होते. माझ्या हातानं त्याला पाजणार होते. आजही तुझा धीर झाला नसता तर?"

दीड तासापूर्वी तेच झालं असतं हे नोल्फाला ठाऊक होतं.

"रविवारी प्रार्थना झाली की सगळ्यांपुढे उभं राहून सांगायचं," म्हातारी म्हणाली. "आज बोललीस ते सगळं. किनाऱ्यावर नव्हते त्यांनाही. पोरंबाळंसुद्धा बसलेली असतील तेव्हा."

"सांगेन. माझ्या हातून गेला म्हणून सांगेन."

"तुझ्या एकटीच्या नाही."

नोल्फानं मान वर केली.

"तू मध्येच सरपण आणायला बाहेर गेली होतीस त्या दिवशी. त्यानं आणखी दारू मागितली. तू म्हणाली होतीस, आई, एकच पेला पुरे. पण तो असा बघत होता माझ्याकडे, लहानपणी बघायचा तसा. मी भरून दिली. वर आणखी अर्धा पेला दिला. तू आत आलीस तेव्हा मी पेला धुऊन ठेवला होता." बाल्दोविनाचा आवाज फुटला. "मला कुणी नर्स काही सांगायला आली नव्हती. पण त्याच दिवसापासून मनात होतं, जास्त झाली असेल का? म्हणून तर तुझं कौतुक करत हिंडायचे. सगळ्यांनी तुझ्या हातांकडे बघावं म्हणून."

नोल्फा उठली, लिंडोरच्या पायाकडून वळसा घालून पलीकडे गेली आणि म्हातारीच्या शेजारी, खांद्याला खांदा लावून बसली.

"रविवारी दोघी उभ्या राहू," ती म्हणाली.

"हो. पण आधी मी बोलणार," बाल्दोविना म्हणाली. "मी त्याची आई आहे."